घरकुल, कोयता आणि आपण सिव्हिलवाले

सेकंड इयरला बिल्डिंग ड्रॉइंगच्या तासाला आम्हाला पहिला प्रॉब्लेम मिळाला होता. प्लॉट ४० बाय ६०, पूर्वेला रस्ता, टू बीएचके बंगला काढा, पोर्च कंपल्सरी! आम्ही सगळ्यांनी तो काढला (खरं सांगायचं तर तिघांनी काढला, बाकीच्यांनी काचेखाली बल्ब लावून छापला). त्यानंतर अपार्टमेंट काढली, शाळा काढली, एक हॉस्पिटलही काढलं. पण चार वर्षांत २६९ चौरस फुटांचं घर कुणीच काढायला सांगितलं नाही.

मित्रांनो, २६९ म्हणजे २५ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधल्या घरकुलाचं हे किमान क्षेत्रफळ. आधीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होतं, २०१६ ला नवी योजना आली तेव्हा पाच मीटर वाढलं. आमच्या गावात अजूनही लोक घरकुलाला ‘इंदिरा आवास’च म्हणतात, नावं बदलली तरी. गावात त्याखेरीज रमाई आहे, शबरी आहे, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आहे, २०२३ पासून ओबीसींसाठी मोदी आवास आहे. नावं कितीही असली तरी लोकांचा प्रश्न एकच असतो, ‘‘यादीत आलंय का?’’

या लेखाचं निमित्त म्हणजे माझे चुलते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या आणि काकू गेली बावीस वर्षं ऊसतोडीला जातात. राहायला दगड-मातीची एक खोली, वर माळवद, आणि पुढं पत्र्याचं शेड. माळवद दर पावसाळ्यात गळतं. तात्या वर जाऊन मीठ-माती टाकतात, दाबतात, ते पुन्हा गळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबादकडं जी घरं पडली, ती अशीच होती. जाड दगडी भिंती, मातीचा सांधा आणि डोक्यावर मातीचं ओझं. अर्थक्वेक इंजिनिअरिंगमध्ये हे आपल्याला दहा मार्कांना येतं. काकू त्याच्याखाली झोपते.

जानेवारी २०२५ मध्ये घरकुलासाठी ‘आवास प्लस’चं नवीन सर्वेक्षण सुरू झालं. २०१८-१९ च्या यादीत ज्यांची नावं राहिली त्यांच्यासाठी ही संधी होती. शिवाय या वेळी अटीही सैल केल्या होत्या. पूर्वी घरात मोटारसायकल किंवा फ्रीज असला की नाव कटायचं. आता आपल्याकडं सेकंडहँड स्प्लेंडर ही श्रीमंतीची खूण आहे का, तुम्हीच सांगा! वस्तीवरनं दवाखाना बारा किलोमीटर. ती अट काढली, घरातल्या कुणाचीही कमाई महिना १० हजारांच्या वर नको ही मर्यादा १५ हजारांवर नेली, हे चांगलंच झालं. सरकारनं केलेलं सगळंच वाईट असतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण सर्वेक्षणाचा काळ कोणता? जानेवारी ते ३१ मार्च.

बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यातली गोम वेगळी सांगायला नको. दिवाळी झाली की आपल्याकडच्या वाड्या-तांडे रिकामे होतात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी... कुठल्याही तालुक्यात डिसेंबरात जाऊन बघा. घराला कुलूप, अंगणात एखादी म्हातारी आणि दोन शेरडं. माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कर्नाटकच्या फडात. ती परत येतात पाडव्याच्या आसपास. म्हणजे ज्यांचं घर मातीचं आहे, ज्यांना घरकुल पाहिजे आहे, नेमकी तीच माणसं सर्वेक्षणाच्या काळात गावात नाहीत. २०१८ चं सर्वेक्षणही जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ चाललं. त्यात मधला पावसाळा होता, नाही असं नाही, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही हंगामातच.

एक गंमत सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान होतं, २० तारखेला. आमच्या वस्तीवरच्या टोळ्या मतदान करूनच निघाल्या. कुणाला कुठून आणायचं, कुणाची गाडी कधी सोडायची, याचा सगळा हिशोब पुढाऱ्यांना तोंडपाठ होता. म्हणजे ऊसतोड कामगार कधी गावात असतो हे कळतच नाही असं कुणी म्हणू नये. ज्याला पाहिजे त्याला कळतं.

असो. ॲपवर ‘स्वतः सर्वेक्षण’ करायची सोय होती. घरातला शिकलेला मी एकटा, तेव्हा जबाबदारी माझ्यावर आली. मला वाटलं, काय त्यात, दहा मिनिटांचं काम! आपण ऑटोकॅड चालवतो, स्टॅड-प्रो चालवतो. शनिवारी गावी गेलो, ॲप उघडलं. आधार टाकलं आणि ॲपनं तात्यांचा चेहरा मागितला, जागेवर, कॅमेऱ्यासमोर, डोळ्यांची उघडझाप करून. तात्या तेव्हा साडेतीनशे किलोमीटरवर, कोल्हापूरकडच्या फडात. बरं, तात्यांनी तिथनं केलं असतं तर? तर राहत्या घराचा आणि नवीन जागेचा फोटो पाहिजे, तोही जिओटॅगचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. चेहरा कोल्हापुरात आणि घर बीडमध्ये! दोन्ही एका ठिकाणी आणायला तात्यांना चार दिवसांचा खाडा करावा लागला असता आणि टोळीतनं एक कोयता कमी झाला की मुकादम काय बोलतो ते इथं छापता येणार नाही.

ज्यानं हे ॲप बनवलं त्यानं खोटे लाभार्थी पकडायला बनवलं असणार, आणि ते गरजेचंही आहे. एका घराचे दोन फोटो दाखवून पैसे उचलल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. पण बनवणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरली, की गरीब माणूस आपल्या घरी राहतो. आपल्या जिल्ह्यातला गरीब माणूस सहा महिने घरी राहतच नाही.

मग मी काय केलं? काहीच नाही. परत आलो, सबमिशनला लागलो. पुढं मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढली, नंतर १५ मेपर्यंत. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता. तात्या-काकू पाडव्याआधीच आले, कारण ऊस लवकर संपला. एप्रिलमध्ये उन्हात उभं राहून तात्यांनी डोळ्यांची उघडझाप केली आणि चौथ्या वेळी चेहरा जुळला. (आधारवरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा. उसाच्या फडात दहा वर्षांत चेहरा काय होतो ते सॉफ्टवेअरला कोण सांगणार!) म्हणजे तात्यांचा अर्ज गेला तो मुदत वाढली म्हणून आणि ऊस लवकर संपला म्हणून. या दोन्ही गोष्टींना ‘नशीब’ म्हणतात, ‘योजना’ नाही.

कागदांचं तर विचारूच नका. आधार, जॉब कार्ड, पासबुक आणि जागेचा आठ-अ. आठ-अ आजोबांच्या नावावर, आजोबा वारून चौदा वर्षं झाली. खाली चार भाऊ. चौघांची संमती पाहिजे, त्यातले दोघं पुण्यात. पुन्हा आधारवर काकूचं नाव एक, पासबुकवर दुसरं. या सगळ्यात एक गृहस्थ भेटले, ‘‘पाच हजार द्या, यादीत नाव आणून देतो’’ म्हणाले. कोण, कुठले, ते लिहीत नाही. पण सांगतो, नाव यादीत आणायचं काम कुठल्याच एका माणसाच्या हातात नसतं. सर्वेक्षणानंतर यादीची पडताळणी होते, ती ग्रामसभेपुढं येते. पाच हजार घेणारा फक्त आपल्या अज्ञानाचे पैसे घेतो. आणि ग्रामसभा कधी असतात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली जानेवारीची तर गेलीच फडात.

आता समजा, नाव आलं. मंजुरी मिळाली. मग पुढं? इथं आपला विषय सुरू होतो, म्हणून जरा आकडेमोड करू. एस्टिमेटिंगच्या पेपरला आपण रनिंग फुटाचा दर पाठ करतो, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ द्या.

अनुदान सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये. हा आकडा २०१६ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळानं योजना २०२९ पर्यंत वाढवली, दोन कोटी नवीन घरं मंजूर केली, पण आकडा तोच ठेवला. २०१६ ला सिमेंटची गोणी काय भावानं होती आणि आज काय भाव आहे ते घरी बांधकाम काढलेल्या कुणालाही विचारा. याशिवाय शौचालयाचे १२ हजार आणि ९० दिवसांची रोजगार हमीची मजुरी. ती २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं धरली तर २८ हजार ८० रुपये. २०२५ मध्ये राज्य सरकारनं ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर ऊर्जेसाठी, म्हणजे बांधकामाला ३५ हजार. बेरीज करा. १ लाख ९५ हजार ८०.

आता खर्च. आमच्याकडचा मिस्त्री आज चौरस फुटाला पंधराशेच्या खाली बोलायला तयार नाही. २६९ गुणिले १५०० म्हणजे ४ लाख ३ हजार ५००. म्हणजे अनुदान निम्मंसुद्धा होत नाही. वरचे दोन लाख कुणी घालायचे? सरकारी कागदावर याचं उत्तर आहे, लाभार्थ्यानं बँकेचं कर्ज घ्यावं. ज्याच्या जमिनीचा उतारा मेलेल्या बापाच्या नावावर आहे त्याला कुठली बँक उभी करते?

मुकादम उभा करतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या भावकीतली एक आत्या आहे. तिचं नाव २०१८ च्या यादीत आलं होतं, घरकुल मंजूर झालं २०२१-२२ ला. पाया झाला, भिंती झाल्या, लिंटेलपर्यंत काम आलं आणि पैसे संपले. वर स्लॅब नाही. स्लॅब नाही म्हणून काम पूर्ण नाही, काम पूर्ण नाही म्हणून पुढचा हप्ता नाही. सहा महिने भिंती उघड्या उभ्या. शेवटी मुकादमाकडनं दीड लाख उचल घेतली आणि स्लॅब टाकला. आधीची उचल होतीच. नवरा-बायकोचा एक कोयता, त्यात एवढी उचल फिटत नाही. म्हणून नववीतल्या पोरीला शाळेतनं काढली आणि बरोबर नेली. एकट्या माणसाला तोडीत ‘अर्धा कोयता’ म्हणतात. दीड कोयता झाला, उचल दोन हंगामात फिटली. घराच्या भिंतीवर योजनेचं नाव, मंजुरीचं वर्ष, रक्कम रुपये १,२०,०००, सगळं तेलरंगात लिहिलेलं आहे. पोरीची नववी कुठं लिहिलेली नाही.

मी त्या घरात चहा प्यायलो आहे. घर चांगलं आहे. आत्या म्हणाली, ‘‘गळत नाही बाबा, एवढं बास.’’ तिला मी काय बोलणार?

हप्त्यांची रचनाही बघा. मंजुरीनंतर पहिला हप्ता १५ हजार. पुढचे पैसे जोत्यापर्यंत काम आणलं, त्याचा जिओटॅग फोटो गेला, की मग. आता पुण्या-मुंबईच्या माणसाला हे ठीक वाटेल. पण आपल्याकडं काळी माती आहे. सॉइल मेकॅनिक्समध्ये ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ म्हणून जिच्यावर आपण चार पानं लिहितो तीच. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात दोन फुटांचा पाया घातला तर तिसऱ्या वर्षी कोपऱ्यातनं तडा जातो. मुरूम लागेपर्यंत खोदायचं म्हटलं तर आमच्या वस्तीवर चार-पाच फूट जावं लागतं. खोदाई, मुरूम, दगड, सिमेंट, वाळू... १५ हजारांत पाया जमिनीच्या वर येतच नाही! मग माणूस काय करतो? पाया उथळ घेतो. फोटोत पाया किती खोल आहे ते दिसत नाही, जोतं दिसतं. म्हणजे हप्त्याची रचनाच माणसाला कच्चा पाया घालायला लावते. हे मी एका सरांना विचारलं तर सर म्हणाले, ‘‘पॉइंट बरोबर आहे, पण सिलॅबसमध्ये नाही.’’

वाळूची तर वेगळीच कथा. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे. गोदावरी आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरनं वाहते, गेवराई-माजलगावकडनं. तिथली वाळू रात्री कुठं जाते ते हायवेवर उभं राहिलं की दिसतं. पण तात्यांना मोफत वाळू नदीकाठनं वस्तीपर्यंत आणायची तर ट्रॅक्टरचं भाडं वाळूच्या किमतीएवढं होतं. तेव्हा मोफत वाळूसुद्धा ज्याचा ट्रॅक्टर त्यालाच मोफत.

काही मित्र म्हणतील, हा सगळा रडका सूर झाला, घरं होतातच की! होतात. आणि कुठं चांगलीही होतात. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये घरं ताब्यात दिली गेली. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर म्हणून तीस हजार घरांचा प्रकल्प झाला, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये वाटल्या. पाठीशी नरसय्या आडम मास्तरांची अनेक वर्षांची चळवळ होती. विडी कामगार गरीब नव्हते का? होते. पण ते वर्षभर एका शहरात होते, मोर्चाला बोलावलं की येत होते, एकत्र सोसायटी करून सरकारपुढं उभे राहत होते. आपला ऊसतोड कामगार सहा महिने पन्नास कारखान्यांत विखुरलेला. तो कारखान्याचा नाही, मुकादमाचा. आणि मुकादम म्हणणार, माझी फक्त उचल.

किल्लारीच्या पुनर्वसनात जमिनीप्रमाणं घरं दिली होती. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. तेव्हा त्यावर खूप टीका झाली, की ज्याच्याकडं जमीन जास्त त्यालाच घर मोठं. आज तीस वर्षांनी किमान घर २६९ आहे. भूमिहीनाचं घर तीस वर्षांत १९ फुटांनी वाढलं!

मग करायचं काय? माझ्या अल्पबुद्धीला दोन-तीन गोष्टी सुचतात. सर्वेक्षण जून ते सप्टेंबरमध्ये घ्या. तेव्हा माणसं गावात असतात, आणि गळणारं घर बघायचं तर पावसाळ्यासारखा दुसरा महिना नाही! किंवा हंगामातच घ्यायचं असेल तर चेहऱ्याची पडताळणी कारखान्यावर करा आणि घराचे फोटो गावात. दोन्ही जोडणं हे काही रॉकेट सायन्स नाही, आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना मायनर प्रोजेक्ट म्हणून दिलं तरी करतील. पहिला हप्ता जोत्याच्या खऱ्या खर्चाएवढा द्या, आणि तो खर्च काळ्या मातीत वेगळा, मुरमाड माळावर वेगळा धरा. डोंगरी भागाला दहा हजार जास्त देता, मग काळ्या मातीला का नाही? आणि अनुदान २०१६ चं आणि दर आजचा, हे कुठल्याच टेंडरमध्ये चालत नाही. कॉन्ट्रॅक्टरला भाववाढ मिळते, त्याचं कलम आपल्याला पाठ आहे.

तात्यांच्या घराचा प्लॅन मी काढला आहे. आतापर्यंतच्या सगळ्या शीटपेक्षा अवघड गेला. २६९ फुटांत खोली, चूल, न्हाणी आणि ओटा बसवायचा. मी खिडक्या मोठ्या दिल्या होत्या, क्रॉस व्हेंटिलेशन वगैरे. तात्यांनी कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, ‘‘खिडक्या लहान कर. सहा महिने घर बंद राहतंय, कुलपाला पक्कं पाहिजे.’’ काकूला धान्याची कणगी ठेवायला कोपरा पाहिजे होता, तो मी विसरलोच होतो. खिडक्या लहान केल्या, त्याऐवजी छताखाली झरोके घेतले.

दरवर्षी आपलं एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर जानेवारीत असतं. गेल्या वेळी मीही होतो. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. आम्ही गल्ली झाडली, आणि गल्लीतल्या तीन घरांपैकी दोन घरांना कुलूप होतं. या वर्षी शिबिर ऑगस्टमध्ये घ्यावं असा अर्ज आम्ही सिव्हिलच्या अकरा जणांनी प्रोग्रॅम ऑफिसर सरांकडं दिला आहे. कामं दोनच धरली आहेत. वस्तीवर प्रत्येक घराचे कागद तपासायचे, म्हणजे आठ-अ कुणाच्या नावावर, आधार-पासबुकचं नाव जुळतं का, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी जे दुरुस्त होईल ते करून द्यायचं. दुसरं, ज्यांची घरकुलं मंजूर आहेत त्यांच्या जागेवर मुरूम किती खाली आहे ते खड्डा घेऊन मोजायचं. पहार-फावडं गावात मिळेल, टेप सर्व्हे लॅबमधनं घेऊ. परवानगी अजून मिळालेली नाही. सर म्हणाले, विद्यापीठाला विचारावं लागेल. ज्यांना यायचंय त्यांनी नाव आणि ब्रँच लिहून मॅगझिनच्या पेटीत टाका. मेकॅनिकलवाले आले तरी चालतील, खड्डे खोदायचेच आहेत.